साहेबांना गोडं पाणी नको

माझ्या सासूबाईंना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हे मी रागाने म्हणते आणि म्हणत राहणार. राग आहे तोवर बरं आहे. तो ओसरला की मला रडू येतं, आणि रडून रडून आता डोळे चुरचुरतात.

आमच्या मागच्या दाराशी एक निळा ड्रम आहे, अर्ध्यात कापलेला. त्यात कागदी लिंबाचं झाड. माझ्या नवऱ्याने लावलेलं. लग्न झालं त्या वर्षी कुठूनसं हातभर रोप घेऊन आला आणि म्हणाला, "आता पाहुणे आले की सरबत घरच्या लिंबाचं." पाहुणे येत राहिले, सरबतं होत राहिली, लिंबं मात्र बाजारातूनच. झाडाला फळ काही धरेना. नुसती पानं, काटे आणि रुबाब! म्हणून तो त्याला साहेब म्हणायचा. सकाळी दात घासत मागच्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "काय साहेब, आज तरी कामावर येणार की रजाच?" आतून सासूबाई ओरडायच्या, "अरे बाब्या, फेस सांडतोय सगळा!" चांगला बाप्या झालेला माणूस, कानशिलावर पांढरे केस, पण त्यांचा बाब्याच.

बाब्या गेला. साहेब राहिले.

कसा गेला ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं: मीठ बंद, पाणी मोजून. दिवसभराचं पाणी एका लहानशा बाटलीत भरून ठेवायचं. ते संपलं की संपलं. जास्त पाणी पोटात गेलं तर बाहेर पडायला वाट नाही, ते फुफ्फुसात चढणार. मी प्रयोगशाळेत काम करते, मोजमाप माझ्या हातात बसलेलं. बाटली रोज सकाळी मी भरायची. पण मग मी कामावर जायचे आणि पहाऱ्याला उरायच्या आई, म्हणजे सासूबाई.

जिने उभ्या जन्मात कुणाला "नको खाऊस, नको पिऊस" म्हटलं नाही, त्या बाईला हे काम लागलं. तो चूळ भरायला गेला की या दारात उभ्या. "थुंक, बाब्या. थुंक बघू. मला दिसू दे." आणि तो एवढा मोठा माणूस आईसमोर तोंड उघडून दाखवायचा, शाळेतल्या पोरासारखा. मी एका सुट्टीच्या दिवशी हे पाहिलं आणि भांडी घासायला निघून गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

मग ती शेवटची सकाळ. डॉक्टर खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "पाणी मागतील तेवढं द्या. आता चालेल."

आईंचा चेहरा असा उजळला! माझा दंड धरून म्हणाल्या, "ऐकलंस ना? चालेल म्हणाले! उतार पडलाय गं!" आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चपला फटफटवत, अक्षरशः पळत, पाणी आणायला गेल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. 'आता चालेल'चा अर्थ मला कळला होता आणि तो मी त्यांना सांगू शकले नाही. त्या पेला काठोकाठ भरून घेऊन आल्या, वाटेत एक थेंब सांडू न देता. तोवर त्याला गिळता येत नव्हतं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर यायला लागलं. आई हाताने त्याची हनुवटी पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "पी ना रे राजा. चालेल म्हणालेत. पी."

त्यानंतर घरात आम्ही दोघी. आणि ड्रममधले साहेब.

आता पाण्याचं सांगते. समुद्र आमच्यापासून तसा लांब आहे, पण जमिनीखालून तो सरकत आलाय. नळाला येतं ते खारं. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग राहतात. प्यायचं गोडं पाणी कॅनमधून येतं आणि तेही माणशी ठरलेलं. आमच्या गल्लीतली कुंड्यांमधली झाडं एकेक करून वाळली. लोकांनी कुंड्या उलट्या घालून त्यांची बसायची स्टुलं केली. साहेबांच्याही पानांच्या कडा करपायला लागल्या. मी मनात म्हटलं, जातंय हेही. आणि मग एकाएकी ते सावरलं. मला वाटलं, चिवट आहे.

चिवट कसलं! एक दिवस सासूबाई ओट्याशी उभ्या असताना धाडकन खाली कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, "यांच्या शरीरात पाणीच नाही. पाणी पीत नाहीत का या?" पुन्हा पाणी! या घराचं आणि पाण्याचं काय वाकडं आहे कोण जाणे.

घरी आल्यावर मी कॅनजवळ उभी राहून विचारलं, "आई, तुमच्या वाटचं पाणी जातं कुठे?"

"मला तहानच लागत नाही गं हल्ली."

"तुम्हाला लागत नाही. आणि साहेबांना लागते?"

त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "लागते."

आता अशा माणसाशी काय भांडणार? म्हणून मी आमच्या प्रयोगशाळेतला 'गुडघा' घरी आणायचं ठरवलं.

'गुडघा' म्हणजे आम्ही बनवतो तो जेल. लहान मुलांच्या लंगोटात ओल धरून ठेवणारी पूड असते ना, त्याच जातीचा, पण वेगळ्या स्वभावाचा. ती साधी पूड गोडं पाणी भरपूर पिते, पण पाण्यात मीठ असलं की अंग चोरून बसते आणि आधी प्यायलेलंही सोडून देते. आमच्या मोठ्या मॅडम नव्या मुलांना समजावताना स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारतात. "ही बघा. हाडांच्या मध्ये एक मऊ गादी असते. जन्मभर खारट रसात बुडालेली, वरून सगळ्या अंगाचा भार, आणि तरी पाणी धरून ठेवते. हिच्याकडून शिका!" त्या गादीची नक्कल करून जो जेल आम्ही बनवला त्याला सगळेच गुडघा म्हणतात. खाऱ्या पाण्याची एक मोठी बादली आहे, ती समुद्र. "गुडघा समुद्रात टाकलास का?" असं आम्ही एकमेकांना ओरडून विचारतो, आणि नवा माणूस घाबरतो.

तर हा गुडघा खाऱ्या पाण्यात बेताने फुगतो. मीठ बाहेर ठेवतो, पाणी आत घेतो आणि लागेल तसं मुळांना देतो. पण त्याचा एक मोठा दोष आहे. गोड्या पाण्यात त्याला आवरायला मीठच नसतं. मग तो सुटतो. मुठीएवढा असतो तो डोक्याएवढा होतो. कुणीतरी एकदा गोड्या पाण्याच्या बरणीत टाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बरणीला तडा गेलेला आणि गुडघा टेबलावर पसरलेला. तेव्हापासून आमच्याकडे कायदाच झाला: गुडघ्याला गोडं पाणी दाखवायचंसुद्धा नाही.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ने की. खऱ्या झाडावर कधीतरी बघायचंच होतं. खारं पाणी घाल आणि काय होतं ते मला येऊन सांगत जा."

रविवारी मी ड्रममधली माती उकरली, मुळांभोवती गुडघा भरला, वरून पुन्हा माती दाबली. आई पायरीवर बसून बघत होत्या.

"कसला म्हणालीस? गुडघा?"

"हो, गुडघा."

"मग थोडा माझ्याही गुडघ्यात भर की! मेले दोन्ही करकर वाजतात."

त्या हसल्या. तो गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मलाही हसू आलं. मग मी हात झटकले आणि म्हटलं, "आई, आता नीट ऐका. याला नळाचं खारंच पाणी घालायचं. कॅनमधलं गोडं पाणी तुम्ही प्यायचं. याला गोड्याचा एक थेंबही नाही."

"खारं पाणी? झाडाला?"

"हो. तो जेल मीठ बाहेर ठेवतो."

"पण ऊन फार झालं, मान टाकली त्याने, तरीसुद्धा?"

"तरीसुद्धा. एक थेंबही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मला वाटलं, हट्ट आहे. मग म्हणाल्या, "बरं. तू म्हणतेस तर."

आणि खरं सांगते, जमलं! खाऱ्या पाण्यावर साहेबांना नवी पालवी आली. पोपटी, चकचकीत. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. आई पुन्हा नीट पाणी प्यायला लागल्या, निदान मला तरी तसं वाटलं. मग पांढरी फुलं आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फुलं गळाली. आणि एका सकाळी मी केस विंचरत होते तर मागच्या दारातून हाक आली, "अगं ये! लवकर ये! साहेब कामावर आले!"

फांदीच्या टोकाशी वाटाण्याएवढं हिरवं लिंबू. एकच.

मी तिथेच, हातात फणी घेऊन, हमसून हमसून रडले. आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पिकलं ना, की सरबत करू. एक लिंबू पुरतं तिघांना."

तिघांना.

त्या लिंबाला आम्ही तळहाताच्या फोडासारखं जपलं. ते गोटीएवढं झालं. मी कामावरून आले की चपला न काढता आधी मागच्या दारी. माझं सगळं चित्त त्या एका फांदीला बांधलेलं होतं. ते पिकावं, बस. मला देवाकडे दुसरं काही मागायचं उरलेलं नव्हतं. त्याने लावलेलं, त्याने चिडवलेलं, त्याचं झाड फळाला आलं एवढं मला त्याला सांगायचं होतं. कुठे आणि कसं सांगणार होते ते विचारू नका.

उन्हं तापली. आणि साहेबांची पानं पिवळी पडायला लागली. मी खाली वाकून बघितलं तर ड्रममधली माती वर आलेली, भिजवलेली कणीक फुगावी तशी. ड्रमच्या पोटाला फुगवटा. मातीला कुबट वास. मी हबकले. गुडघा फसला, माझंच मिश्रण चुकलं, असं काय काय मनात येऊन गेलं. आईंना विचारलं, "पाणी कुठलं घालताय?" त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी घालतेय गं रोज."

दुसऱ्या दिवशी लिंबू गळलं. हिरवंच. आईंनी ते उचलून खिडकीत ठेवलं.

मी ड्रममधली मूठभर ओली माती डब्यात घालून प्रयोगशाळेत नेली. पिळून तिचं पाणी काढलं आणि त्यात खारेपणा मोजायचं यंत्र बुडवलं. गुडघ्याने बाहेर ठेवलेलं मीठ मातीतच राहतं, म्हणजे आकडा खूप वर यायला हवा होता. यंत्र जवळपास शून्यावर बसून राहिलं. मला वाटलं, बिघडलं. समुद्रात बुडवून बघितलं, बरोबर दाखवलं. पुन्हा आमच्या ड्रममधलं पाणी, पुन्हा तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे एका दिवसाचं काम नव्हतं. कुणीतरी साहेबांना आठवडेच्या आठवडे गोडं पाणी पाजत होतं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "घरी कोण असतं?"

मी पर्स उचलली आणि निघाले.

वाटभर मी मनातल्या मनात भांडत गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे, नवरा तेच म्हणायचा. आज काही राखून ठेवायचं नाही असं ठरवूनच मी दार उघडलं आणि सरळ मागे गेले. दुपारचं ऊन भिंतीवर आलेलं. आई ड्रमशेजारी पाटावर बसल्या होत्या, हातात त्यांचा पाणी प्यायचा पेला. अर्धा झाडाच्या बुंध्याशी ओतून झाला होता.

मला बघून त्यांनी पेला लपवला नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

"फूल आलं तेव्हापासून."

"आई, मी घसा कोरडा करून सांगितलं होतं तुम्हाला! गोडं पाणी नको, एक थेंब नको! साधी एक गोष्ट ऐकता येत नाही? जेल फुगून मुळांचा गळा आवळलाय त्याने, श्वास घ्यायला जागा नाही आत! खाऱ्यावर छान जगत होता तो. तुम्ही मारलंत त्याला!"

त्याला. झाडाबद्दल बोलताना 'जगत होता तो' असंच तोंडून गेलं.

आई पेल्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "एकदा ऐकलं होतं गं मी तुझं."

मी पर्स खाली ठेवली.

"तू कामावर गेलीस की मागायचा. रोज. आई, एक घोट दे. एकच. तिला नको सांगू. मी म्हणायचे, नाही रे बाब्या, नाही चालत. मग तोंड फिरवून पडायचा. भिंतीकडे. मी नाही दिलं. एकदासुद्धा नाही दिलं. तू म्हणालीस, डॉक्टर म्हणाले, मी ऐकलं. शहाण्या बाईसारखं ऐकलं. गेलाच ना तरी? तहानलेला गेला माझा पोरगा." त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. "आता हे दुपारी पानं मिटून माझ्यासमोर उभं राहतं आणि तू म्हणतेस, नको देऊ. परत नको देऊ? नाही झालं माझ्याच्याने. तू कितीही ओरड. नाही झालं."

माझ्याकडे उत्तर होतं. पाणी दिलं असतं तर तो गुदमरला असता, आधीच गेला असता. आपण दोघी बरोबर होतो, आई, अगदी बरोबर. हे सगळं मी बोलू शकत होते. पण माझ्या डोक्यात एवढंच घुमत होतं, की माझ्याकडे त्याने कधी मागितलं नाही. बाटली मी भरायचे, आणि माझ्याकडे एकदाही नाही. मी देणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आईंना 'नाही' तरी म्हणता आलं त्याला. माझ्याकडे तो नुसता हसून बघायचा आणि विचारायचा, "साहेब काय म्हणतात?"

मी खाली बसले. माती बाजूला केली आणि हात आत घातला. काचेसारखे फुगलेले गोळे, एकाला एक चिकटून. त्यांच्यामधून मुळं बोटांना लागली. तपकिरी, बुळबुळीत. एक ओढलं तर त्याची साल माझ्या चिमटीत सुटून आली.

"जगेल का गं?" आईंनी विचारलं.

मी मुळाकडेच बघत राहिले.

त्यांनी पेला पुढे केला. अर्धा भरलेला. "मग हे... एवढं राहिलेलं घातलं तर चालेल?"

मी 'नको' म्हणायला हवं होतं. 'नको' म्हटलं असतं तर अजून आशा आहे असं झालं असतं. त्या मला नको म्हणायला सांगत होत्या, डोळ्यांनी सांगत होत्या. मी बोटांना चिकटलेली साल पुसली.

"चालेल, आई. आता चालेल."

या वेळी त्यांचा चेहरा उजळला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला दिसलं, त्यांना कळलं. झाडाचं कळलं, आणि त्या सकाळचंही. मी भिंतीला टेकून का उभी होते तेही कळलं.

"कॅनच आण मग," त्या म्हणाल्या. "पोटभर पिऊ दे."

मी स्वयंपाकघरातून कॅन ओढत आणला. दोघींनी मिळून तो उचलला आणि ड्रममध्ये तिरपा केला. पाणी मातीवर पडलं आणि वरच राहिलं. आत शिरायला जागाच नव्हती. ते तळ्यासारखं साठलं, काठाशी आलं आणि ओघळून माझ्या पावलांवर यायला लागलं.

"पी ना रे," आई म्हणाल्या. एका हाताने त्यांनी कॅन धरला होता. दुसऱ्या हाताने त्या ड्रमची कड पुसत होत्या.